आदर्श बाळ

पाळण्यातला नातू टाहो फोडत होता आणि त्याची आजी, कुमुदताई, त्याच्या कानाशी मोबाईलवर श्लोक लावून उभ्या होत्या. आवाज वाढवला, तसा तो लालबुंद झाला.

"पोटात असताना रोज हेच ऐकलंय यानं. आत्ता गप्प होईल," त्या बारशाला जमलेल्या बायकांना सांगत होत्या. गर्भसंस्कार वर्गाच्या बाई पेढा चघळत बसल्या होत्या. वर्गाच्या भिंतीवर लावायला त्यांना एका आदर्श बाळाचा फोटो हवा होता, आणि तो मान कुमुदताईंना सोडायचा नव्हता.

तेवढ्यात शेजारच्या करमरकरकाकू दारात उगवल्या. "तुमच्या पाहुण्यांच्या चपला माझ्या रांगोळीवर!"

"मग जिन्यात कशाला काढता? जिना काय तुमच्या बापाचा?"

"आणि पापड घालता ती गच्ची तुमच्या सासऱ्याची वाटतं!"

बाळ गप्प झालं. मूठ चोखत, डोळे मिटून गोड हसू लागलं.

"बघा, पोटात ऐकलेलं विसरत नाहीत!" बाईंनी भारावून मोबाईल रोखला.

"खरंय," सून म्हणाली. "सासूबाई माझ्या पोटाला श्लोक लावून द्यायच्या आणि दारात जाऊन काकूंशी भांडायच्या. श्लोकांपेक्षा त्यांचाच आवाज मोठा."

कुमुदताईंनी जीभ चावली. भांडण थांबलं आणि बाळानं पुन्हा भोकाड पसरलं. काकू नाक मुरडून निघाल्या, तशी कुमुदताईंनी धावत जाऊन त्यांचा पदर धरला.

"अहो, जाता कुठे? पेढा घ्या, आणि मला अजून दोन शिव्या द्या. फोटो व्हायचाय!"