न पेटणारा डबा

धाकटा चांगला ठणठणीत उभा होता, आणि थोरला भाऊ त्याला पाठुंगळी घ्यायला वाकला होता.

"दादा, मला पाय आहेत," धाकटा म्हणाला.

गॅरेजमधले सगळे हसले. थोरल्याने मान वर केली नाही. नुकताच धाकट्याने एका तडकलेल्या लोखंडी दांड्याला वेल्डिंग केलं होतं. ठिणगी पडताच पांढरा धूर उठला, ताज्या कापलेल्या गवतासारखा वास आला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. बाहेर येऊन तो घोटभर पाणी प्यायला, खोकला थांबला, त्याच्या लेखी विषय संपला.

थोरल्याने मात्र तो वास येताच लोखंड पुसायचा डबा उचलून त्यावरचं सगळं वाचून काढलं. दांडा त्यानेच पुसून दिला होता. लोखंड लख्ख असल्याशिवाय जोड धरत नाही, आणि धाकट्याचं लोखंड पुसायचं ते दादानेच, अशी त्या गॅरेजची रीत होती. आधी तो पेट्रोलने पुसायचा. एकदा पेट्रोलने भडका घेतला, धाकट्याचा हात भाजला, तेव्हापासून थोरल्याने पेट्रोलला दाराबाहेर काढलं आणि ब्रेक धुवायच्या क्लोरीनवाल्या द्रवाचा डबा आणला. हा पेट घेत नाही, असं डब्यावर ठळक छापलेलं होतं. वेल्डिंगच्या उजेडात आणि आचेत त्याच्या वाफेचा जीवघेणा वायू होतो, हे खाली बारीक अक्षरात होतं. ते त्याने आज पहिल्यांदा वाचलं. त्या द्रवाची जड वाफ दांड्याच्या चिरेत दबा धरून बसली होती.

दवाखान्यात फोन केला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता बरं वाटणारच, त्याला भुलू नका. फुप्फुसांत पाणी मागाहून भरतं. त्याला एक पाऊलही चालू देऊ नका, ताबडतोब आणा.

गॅरेजात गाड्या पुष्कळ होत्या, चालू एकही नव्हती. दवाखाना गल्लीच्या टोकाला होता. थोरला निघाला. धाकटा पाठीवरून हॉर्न वाजव म्हणाला, गिअर बदल म्हणाला, येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात करत राहिला. थोरल्याला एवढी भीती जन्मात वाटली नव्हती. पाठीवरचा जीव हसतो आहे तोवर ठीक, एवढंच तो मनाशी घोकत होता.

संध्याकाळी ते हसणं थांबलं. धाकट्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि प्रत्येक श्वास त्याला ओढून घ्यावा लागत होता. दांड्यावर तो द्रव आला कसा, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पुसलं मी," थोरला म्हणाला. "तो डबाही मीच आणला. याला पुन्हा भाजू नये म्हणून."

धाकट्याने ते ऐकलं. उद्यापर्यंत काहीच सांगता येणार नाही, असं म्हणून डॉक्टरीणबाई बाहेर गेल्या. थोरला कॉटशी उभा राहिला. त्याला धाकट्याच्या तोंडाकडे बघवेना.

धाकट्याने मास्क जरासा उचलला. बोलू नकोस, असं थोरला हाताने सांगत राहिला.

"लोखंड लख्ख होतं, दादा. जोड एका दमात बसला." तो थांबला, श्वास गोळा केला. "उद्याचंही तूच पुसून दे. फक्त साबणाने."