बत्तीस वर्षांचं पथ्य

"काका, माशाची ऍलर्जी आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि रंगाऱ्याच्या तोंडचं पाणीच पळालं. कारण शेजारच्या खुर्चीत बायको बसली होती.

तसा प्रश्न साधा होता. त्याचा उभा जन्म शिडीवर, उन्हातान्हात गेला, तोही टोपी न घालता. शेवटी टकलावर नको ती गाठ आली. ती कापून काढली, पण जागेवर तळहाताएवढी जखम राहिली. आता तिच्यावर माशाची कातडी बसवायची, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. कातडी स्वच्छ करून, वाळवून पाकिटात बंद केलेली. ना खवले, ना वास. जखमेवर ठेवली की खालून हळूहळू आपली कातडी धरू लागते आणि माशाची तिच्यात जिरून जाते म्हणे.

"आणि ती नाही चालली तर?" त्यानं चाचरत विचारलं.

"तर तुमच्याच मांडीची काढायची. म्हणजे एकाच्या दोन जखमा झाल्या. तुमची शुगर बघता मांडीची कधी भरेल, मी सांगू शकत नाही. आणि शिडी तर विसराच."

शिडी विसरा! घरी बसून काय भिंती मोजायच्या?

पण गोची जुनी होती. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी जेवायला बसला, तेव्हा ताटात अख्खा मासा आला. लहानपणी घशात काटा अडकून जीव जायची वेळ आली होती, तेव्हापासून हा गडी माशाला टरकून. आता चार-चार मजले चढणारा जावई काट्याला भितो, हे सासूबाईंना सांगणार कसं? तो म्हणाला, "मला माशाची ऍलर्जी आहे." झालं! त्या दिवसापासून घरातून मासे हद्दपार. बिचारी बायको बहिणीकडे जाऊन मासे खायची आणि परत आली की साबणानं हात धुतल्याशिवाय ह्याच्या ताटाला शिवायची नाही. दर वेळी ह्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण आता कुठल्या तोंडानं सांगणार?

"अगं, जरा बाहेरून पाणी आणतेस?" तो म्हणाला.

तिनं पिशवीतून बाटली काढून त्याच्या हातात दिली. जागची हलली नाही.

"काका, ऍलर्जी?"

"आहे... म्हणजे, थोडीशीच."

"थोडीशी असली तरी मग हे नकोच." डॉक्टरीणबाईंनी पाकीट खणात परत ठेवलं आणि मांडीच्या ऑपरेशनचं लिहायला घेतलं.

रंगाऱ्यानं चोरून बायकोकडे पाहिलं. ती एकटक त्याच्याकडेच बघत होती. किती काळजी करते ही माझी, त्याच्या मनात आलं, आणि मी? काट्याची भीती सांगता येत नाही म्हणून मांडी कापून द्यायला निघालोय. त्याची त्यालाच लाज वाटली.

"लिहू नका डॉक्टर," तो एकदम म्हणाला. "ऍलर्जी-बिलर्जी काही नाही. कधीच नव्हती. मला काट्याची भीती वाटते. बत्तीस वर्षं हिच्याशी खोटं बोललोय मी."

आणि आता काय फुटायचं ते फुटू दे, म्हणून डोळे मिटून बसला.

काहीच फुटलं नाही. डॉक्टरीणबाईंनी कसंबसं हसू दाबलं. "बरं झालं सांगितलंत. पण इतक्या वर्षांत मासा पोटात गेलेला नाही. तेव्हा आधी टेस्ट करून खात्री करू."

"टेस्ट कशाला, डॉक्टर?" बायको पिशवीचं तोंड बांधत म्हणाली. "ती पहिल्याच वर्षी चुकून झाली. बहिणीनं दिलेलं माशाचं सूप ह्यांच्या वाटीत गेलं, आणि ह्यांना काही म्हणता काही झालं नाही. तेव्हापासून दर बुधवारी मी ह्यांना माशाचं सूप गाळून देते, आणि हे चिकनचं समजून वाटी चाटूनपुसून साफ करतात!"