फाटकावरचं पाणी

पहाटे चारला निघालेली केरिन दुपारचे चार वाजले तरी सायकलवरच होती. रस्ता छपराच्या पत्र्यासारखा, बसणाऱ्याचे दात खिळखिळे करणारा. ऊन पंचेचाळीस अंश. दिवसभरात तिला एक मेलेली गाय आणि दोन जिवंत कावळे भेटले होते. कावळ्यांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं होतं.

सायकलच्या चौकटीला बांधलेली पाण्याची पिशवी अकरा वाजता दगडावर फाटली. ते तिला कळलं एक वाजता. आता बाटलीत चार घोट उरले होते, आणि समोर तिच्या आईबापाच्या रानाचं फाटक होतं.

फाटकात आई उभी होती, नोला. सत्तरीची, डोक्यावर नवऱ्याची टोपी, पायाशी ओलं गोणपाट गुंडाळलेला पाण्याचा कॅन.

"उतर खाली," नोला म्हणाली. "तोंड बघ, उकडलेल्या बिटासारखं झालंय. तुझा बाप पहाटेपासून व्हरांड्यात बसलाय. डोळे गेले तरी खुर्ची रस्त्याकडे फिरवून मागितली."

केरिननं एक पाय टेकला. "आई, मला हे पाणी घेता येत नाही."

"का? विष घातलंय त्यात?"

"शर्यतीचा नियम आहे. घरच्यांची मदत घ्यायची नाही. घेतली की मी बाद."

"आणि तो मघाशी गेला तो लंबू? रूबेन का कोण. चार बाटल्या भरून नेल्या मेल्यानं. मटणाची दोन सँडविचं खाल्ली, डोकं माझ्या नळाखाली धरून बसला."

"त्याला चालतं. तू त्याची कुणी नाहीस. वाटेत अनोळखी माणसानं दिलं तर चालतं."

नोला तिच्याकडे बघत राहिली. पन्नास वर्षांत या फाटकावरून कुणी कोरड्या घशानं गेलं नव्हतं. गुरं हाकणारे प्यायले, नकाशा उलटा धरलेले पर्यटक प्यायले, तिच्याच कुंपणाची तार चोरणारासुद्धा आधी पाणी पिऊन गेला होता. असले नियम लिहिणारी माणसं शहरात राहतात. त्यांच्या न्हाणीघरात दोन-दोन नळ असतात.

"इथं कोण बघतंय? माश्या?"

"मी बघतेय."

"मोठी आली खरं वागणारी! तीन नाताळ 'येते, येते' म्हणालीस, तेव्हा कुठं गेलं होतं हे?"

केरिननं बाटली हलवून पाहिली. पुढची टाकी शहाण्णव किलोमीटरवर. चार घोटांत तिथवर पोचायचं म्हणजे न पोचायचं. इथंच थांबून गाडी बोलवायची तर दोन वर्षं पहाटे उठून केलेलं सगळं मातीत. रूबेन फक्त तासभर पुढे होता.

नोलानं टोपी मागे सारली आणि रस्त्यानं येणाऱ्या कुणाशीही बोलावं तशी बोलली.

"काय बाई, कुठून आलात?"

टोमणाच होता तो. पोरगी ओशाळेल, सायकल आडवी टाकेल, निदान भांडेल तरी, असं तिला वाटलं होतं.

केरिननं बाटली पुढे केली.

"दक्षिणेकडून," ती म्हणाली. "थोडं पाणी मिळेल का?"

नोलानं कॅन उचलला. एक बाटली भरली, दुसरी भरली, तिसरी भरली. केरिन चौथी तिथंच गटागटा प्यायली. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी तिनं मनगटानं पुसून चाटलं.

"पुढचं पाणी किती लांब आहे हो?"

याच रस्त्यावर ती सायकल शिकली होती. हँडल नोलानं धरलं होतं.

"शहाण्णव किलोमीटर. मध्ये पवनचक्की लागेल, तिथलं पिऊ नका. दोन वर्षं झाली, खारं झालंय."

हे मात्र केरिनला खरंच माहीत नव्हतं. मग तिनं घराकडे पाहिलं. व्हरांडा तीस पावलांवर होता. खुर्चीत कुणीतरी बसलेलं दिसत होतं, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून.

"मी जरा वर जाऊन येऊ का?"

"तिथं घरची माणसं बसतात," नोला म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि तो परत यावा असं नोलाला वाटलं. पण परत मागायची तिला सवय नव्हती. केरिन तिचीच लेक. तिनं बाटल्या जागच्या जागी अडकवल्या, पट्टे ओढून बघितले आणि सायकलवर टांग टाकली.

"आभारी आहे, बाई."

धूळ खाली बसेपर्यंत नोला फाटकात थांबली. मग रिकामा कॅन घेऊन व्हरांड्याच्या पायऱ्या चढली. तिच्या नवऱ्यानं, क्लेमनं, पावलांच्या आवाजाकडे मान वळवली. सकाळीच त्यानं दाढी केली होती. हनुवटीखाली दोन जागी कापलं होतं.

"साखळीचा आवाज आला ना गं? केरिन होती?"

नोलानं कॅन खांबाशी ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "दुसरीच कोणी होती. आपली अजून मागे आहे."