चौकटीवरचा हात

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात चतुराबाई दूधवाल्याच्या मोटारसायकलवर बसून करमाडहून लेकीच्या दारी आली. काखेत डिंकाच्या लाडवांचा डबा, तोंडाला पदर. पण कुशावर्तानं तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. घरात वीस दिवसांचं बाळ होतं.

"माय, डबा पायरीवर ठेव. कशाला हात लावू नको."

"नाय लावत गं."

तरी नातू दिसावा म्हणून म्हातारी चौकट धरून आत वाकलीच. लांबूनच कानशिलावर बोटं मोडून तिनं त्याची अलाबला घेतली अन् निघाली.

तिची पाठ वळताच कुशावर्ता ब्लीचिंगच्या पाण्यानं चौकट घासायला बसली. घासता घासता मान वर केली, तर विसरलेली पिशवी न्यायला माय माघारी आलेली.

"पूस बाई, पूस," माय हसून म्हणाली, "माझ्या हाताला मेली रानातली मातीच लई."

तीच शेवटची भेट. पावसाळ्यात माय गेली. पुढं डॉक्टरच सांगू लागले, की हा आजार श्वासातून, कोंडलेल्या हवेतून पसरतो. वस्तूंना हात लावून क्वचितच.

यंदा घर रंगवायला काढलं. नवाब पेंटरनं चौकटीवर बोट ठेवलं. "दीदी, इथला रंग पार उडालाय. मारू का ब्रश?"

"तेवढं राहू द्या, नवाबभाई," कुशावर्ता म्हणाली, आणि मायचा हात हातात घ्यावा तसा तिनं त्या पांढुरक्या डागावर आपला तळवा टेकवला.