ऐकणाऱ्यांची खोली

माई जिन्यात थांबल्या, त्या गुडघ्यांमुळे नव्हे.

"अहो, तुम्ही खालीच बसता का? वर बघण्यासारखं काही नाही."

"आमंत्रण दोघांना आहे," नाना म्हणाले. "चहा सोडून जाऊ की काय?"

माहिती आणि दळणवळण मंत्रालयाच्या इतिहासाचं दालन आज उघडत होतं. जुन्या कर्मचाऱ्यांना अगत्यानं बोलावलं होतं. लग्नाआधी माई इथे टायपिंग करायच्या, असं घरी सगळ्यांना ठाऊक होतं. ती थाप होती. माई इथे कानाला हेडफोन लावून लोकांचे फोन ऐकायच्या.

शेजारीण दाराशी जरा रेंगाळली तरी नाना म्हणायचे, चोरून ऐकणाऱ्यासारखा हलका माणूस नाही. उतारवयात नवऱ्याच्या नजरेतून उतरायचं माईंच्या अगदी जिवावर आलं होतं.

नाना स्वतः फोनवर कामापुरतंच बोलत. जन्मभर विमा विकलेला माणूस इतका अबोल कसा, म्हणून माईंच्या माहेरी त्यांची चेष्टा व्हायची. माईंना मात्र ते जीव की प्राण. पहिल्याच भेटीत, समोरच्या बसथांब्याजवळच्या हॉटेलात, त्यांनी न विचारता माईंसाठी बिनसाखरेचा चहा मागवला होता. तिथेच माई विरघळल्या.

दालन दाखवणाऱ्या तरुण अधिकारी बाईंची जीभ क्षणभर थांबत नव्हती. जुने रेडिओ झाले, ओळीनं मंत्र्यांचे फोटो झाले. मग त्या एका लांबट खोलीत शिरल्या. टेबलं होती तशीच होती.

"इथे बसून लोकांचे फोन ऐकायचे," त्या म्हणाल्या. "आता लपवायचं नाही असं ठरलंय. माई, तुमचं टेबल कुठलं?"

नानांकडे न बघता माईंनी खिडकीकडे बोट केलं.

नाना त्या टेबलाकडे बघत राहिले. ते माईंना सोसवेना.

"टायपिंगचं खोटं सांगितलं मी," त्या म्हणाल्या. "पण एकदा एका शिक्षकाला पकडायला माणसं निघाली होती. मी इथूनच त्याच्या बायकोला फोन केला, त्याला घरी येऊ देऊ नका म्हणून. कुणी ऐकलं असतं तर तुरुंगात सडले असते. नशीब माझं."

"नशीबच," नाना म्हणाले.

"थोर नशीब," अधिकारी बाई म्हणाल्या. "या खोलीतला शब्द न् शब्द वरच्या मजल्यावर ऐकला जायचा. ऐकणाऱ्यांवर नजर ठेवायला. तुमचे फोन, आपसातल्या गप्पा, खाणंपिणं, रुसवेफुगवे, सगळं. तिथे कोण बसायचं ते मात्र अजून कळलेलं नाही. चला, दाखवते."

माईंना हे आजवर माहीत नव्हतं. कठडा धरून त्या कशाबशा वर गेल्या.

वरचं कुलूप निघालं, पण दार हलेना. अधिकारी बाईंनी खांदा लावून पाहिला.

"रोजचंच आहे. सुतारानंही हात टेकले. थांबा, शिपायाला बोलावते." त्या खाली गेल्या.

"रागावलात?" माईंनी हळूच विचारलं.

"तुझ्यावर? छे."

नाना पुढे झाले. त्यांनी कडी धरून दार किंचित वर उचललं आणि खालच्या कोपऱ्याला पायानं हलकेच ढकललं. दार मुकाट्यानं उघडलं. आत मिट्ट काळोख होता. नानांनी न बघताच कपाटामागे हात घातला आणि दिवा लावला.