सगळ्या सोयींचं घर

किल्ली दाराशेजारच्या छोट्या पेटीत होती आणि पेटीच्या कुलपाचा आकडा मुलाच्या फोनमध्ये. दार उघडून तो आधी स्वतः आत शिरला आणि जणू घर त्यानेच बांधलंय अशा थाटात एकेक खोली दाखवत सुटला. कपडे धुवायचं मशीन, भांडी धुवायचं मशीन, दोन बाथरूम, शेकोटीसाठी फोडून ठेवलेली लाकडं, गमबूटसुद्धा तीन मापांचे. परदेशातली ही पहिलीच सुट्टी, आणि तीही हॉटेलात नाही, खेड्यातल्या एका अख्ख्या घरात, आपलं आपण रांधून खायचं. महिनाभर त्याने घरमालकिणीला प्रश्न विचारून भंडावून सोडलं होतं.

"आई, इथे सगळं आहे," तो म्हणाला आणि सोफ्यावर आडवा झाला. दिवसभर गाडी त्यानेच चालवली होती, तेव्हा त्याला कोणी काही बोललं नाही.

स्वयंपाकघराच्या दारात मात्र दोघी थबकल्या, सासू आणि सून. गेल्या वर्षी स्वतःचं घर बंद करून सासूबाई मुलाकडे राहायला आल्या, तेव्हापासून अशा दारात थबकायची त्यांना सवयच लागली होती. सून वाईट नव्हती, उलट गोडच बोलायची. पण तिच्या ओट्यावर प्रत्येक डब्याची जागा ठरलेली, आणि सासूबाईंनी ठेवलेला डबा ती हसतमुखाने उचलून दुसरीकडे ठेवायची. मग सासूबाई प्रत्येक वेळी विचारायला लागल्या, 'हे कुठे ठेवू गं?' अख्खा जन्म स्वतःचं घर चालवलेल्या बाईला हे विचारताना कसंनुसं व्हायचं. आपण पाहुण्याच आहोत असं वाटायचं, आणि पाहुणी निदान चार दिवसांनी परत तरी जाते.

"या ना, आई," सून सवयीने म्हणाली आणि स्वतःच ओशाळली. या म्हणायला ते स्वयंपाकघर तिचं थोडंच होतं?

शोधाशोध सुरू झाली. सुनेने पहिला खण ओढला, त्यात मेणबत्त्या. दुसऱ्यात नुसती झाकणं, तीही एकाही भांड्याला न बसणारी. अंडं कापायचं वेगळं, लसूण चेचायचं वेगळं, अशी अवजारं ढीगभर, पण धड कापेल अशी सुरी एक नाही. मालकिणीने टोपलीत अंडी, बटाटे, ब्रेड आणि लोणी ठेवलं होतं. तांदूळ बरोबर आणलेले होते. मीठ नव्हतं. बाथटबची लांबी विचारणाऱ्या मुलाला मिठाचं विचारायचं काही सुचलं नव्हतं, आणि गावातलं एकुलतं एक दुकान केव्हाच बंद झालं होतं.

शेगडी म्हणजे नुसती सपाट काळी काच. सुनेने बोट लावलं की ती टुक करून वाजायची आणि गप्प व्हायची. सुनेचा चेहरा पडला. हिला काही येत नाही असं सासूबाई पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून जराशी लाजही वाटली. "सर, मी बघते," म्हणत त्यांनी बोट लावलं. टुक. मग दोघींनी आळीपाळीने पुष्कळ टुकटुक केलं. चष्मा डोक्यावर राहिल्यामुळे सासूबाईंना काचेच्या कोपऱ्यातलं कुलपाचं बारीक चित्र नीट दिसेना, बोट त्यावरच टेकलेलं राहिलं, आणि अचानक काचेखाली लाल गोल उमटला.

"काय केलंत?" सुनेने विचारलं.

"काही नाही गं. बोट उचलायचं विसरले."

दोघी इतक्या हसल्या की काय झालं म्हणून सोफ्यावरून विचारणा झाली. त्याला कोणी सांगितलं नाही.

दुधाच्या पातेल्यावर ताटली पालथी घालून भात केला. बोथट सुरीने कापलेल्या बटाट्याची एक फोड दुसरीसारखी नव्हती. पण लोणी खारट निघालं, त्यात बटाटे परतले आणि मिठाचं भागलं. भाताचा थोडा गिचका झाला. त्यावर 'आमच्याकडे असा करत नाहीत' असं दोघीही म्हणाल्या नाहीत, कारण इथे आमच्याकडे असं कोणाचंच काही नव्हतं. मुलगा मागून मागून जेवला.

भांड्यांच्या मशीनची बटणं बघून दोघींनी त्याला लांबूनच हात जोडले. सून गाडीतल्या बॅगा आणायला बाहेर गेली आणि सासूबाईंनी भांडी हातानेच विसळली, पुसली. हे कुठे ठेवू, असं अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी मागे वळून पाहिलं, तर कोणी नव्हतं.

मग त्यांनी पदर खोचला. वरच्या कपाटापर्यंत हात जेमतेम पुरत होता म्हणून तिथले कप खालच्या कपाटात ठेवले. मेणबत्त्यांना दुसरी जागा दाखवली आणि त्या खणात चमचे घातले. झाकणांची चळत सगळ्यात तळाला गेली. ताटल्या सिंकच्या उजव्या हाताला लागल्या, जशा त्यांना आयुष्यभर लागत आल्या होत्या.

बाहेर चांगलाच गारठा होता. सून हात चोळत आत आली आणि चहाचं आधण ठेवून तिने वरचं कपाट उघडलं. रिकामं. शेजारचं उघडलं, त्यात चाळण्या. ती वळली.

"आई, कप कुठे ठेवलेत हो?"

सासूबाई सिंकपाशी हात पुसत होत्या. वर्षभरात त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. हात केव्हाच कोरडे झाले होते, तरी त्या आणखी थोडा वेळ पुसत राहिल्या.

"तुला नाही सापडायचे," त्या म्हणाल्या. "बस तू. मी देते काढून."