धक्क्यावरची सवय

दीपगृह झालं, मत्स्यालय झालं, आता बोटीतून बंदराची सैर. खलाशी पिशवी घेऊन पुढे झाला, बोटीवर चढला आणि मागे वळून बघतो तर बायको-मुलं धक्क्यावरच. तिघंही हात हलवतायत. धाकटीनं तर रडायचीही तयारी केलेली.

"अगं, निरोप कसला देताय? वर या! सुट्टीवर आलोय ना आपण?"

"अगंबाई! सवय मेली!" पोरांना ओढत, हसत-धापा टाकत बायको वर आली.

बोट सुटली. कठड्याला टेकून ती मागे सरणाऱ्या धक्क्याकडे बघत राहिली.

"अहो, निघताना तुम्हाला हे असंच दिसतं का हो?"

"नाही गं. एरवी तिथं तुम्ही तिघं असता."